दिवाणातला माल

सपाट टेबलावर ठेवलेला मोबाईल स्वतःभोवती फिरू नये. माझा फिरला. जेवणाच्या टेबलावर मी तो पाठीवर ठेवला, जाता जाता बोट लागलं आणि तो संथपणे अर्धी गिरकी घेऊन थांबला. मी पुन्हा बोट लावलं. पुन्हा गिरकी. टेबल सपाट आहे याबद्दल मला शंका नव्हती. ते विकत घेताना मी त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिली होती आणि तेव्हापासून तो दुकानदार मला ओळख देत नाही. म्हणजे दोष मोबाईलचा होता.

मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. आजचा पांढरा हा कालच्या पांढऱ्याइतकाच पांढरा आहे की नाही, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायची मला सवय नाही. मी आठवडाभर निरीक्षण केलं. सोमवारी मोबाईलच्या काचेच्या कडेला जी फट होती तिच्यात कागद जायचा. शनिवारी पुठ्ठा जाऊ लागला.

“मोबाईल जाड झालाय,” मी नवऱ्याला म्हटलं.

“वय झालं की होतं,” तो स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाला.

“आतली बॅटरी फुगलीये. लिथियमची आहे. पेट घेऊ शकते.”

“मग हात लावू नकोस तिला.”

आमच्या घरात कुठल्याही अडचणीवरचा हा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा उपाय आहे. हात लावायचा नाही. नळ ठिबकतोय? हात लावू नकोस, वाढेल. भिंतीला ओल आलीये? हात लावू नकोस, पोपडा पडेल. या पद्धतीने आम्ही बरीच वर्षं सुखाने काढली आहेत.

मी मात्र शास्त्र शिकलेली बाई. मी मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने पाठ उघडली, फुगलेली बॅटरी अलगद सोडवली, नवी बसवली आणि जुनी माझ्यासमोर ठेवली. उशी असते ना, बाहुलीच्या पलंगावरची, तशी दिसत होती.

“ही घ्या.”

“मला नको.”

“मलाही नको, ताई. असल्या माझ्याकडे आधीच पडल्यात. कचऱ्यात टाकून द्या ना.”

“कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबतात. ही दाबली गेली तर गाडी पेटेल.”

“मग गाडी पेटेल ना. तुम्ही कशाला पेटताय?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं साधारण संध्याकाळी सुचतात. मी बॅटरी तळहातावर घेऊन रिक्षात बसले. पर्समध्ये टाकली असती तर किल्ल्या लागून तिची टोकं जुळली असती. दर खड्ड्याला मी दुसऱ्या हाताने तिच्यावर आडोसा धरत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

“पिल्लू सापडलंय का?” त्याने प्रेमाने विचारलं.

“नाही, बॅटरी आहे. फुगलेली. म्हणून जरा हळू चालवा.”

त्याने फारच हळू चालवली. म्हणजे थांबवलीच. उरलेलं अंतर मी चालत आले.

आता ती ठेवायची कुठे? मला माहीत होतं की अशी बॅटरी कोरड्या वाळूत, मातीच्या भांड्यात, पेट घेण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवावी. कुंडी घरात होती. तिच्यातलं रोप मी पूर्वीच अतिशय मोजून पाणी घालून मारलेलं होतं. प्रश्न वाळूचा होता. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू आहे. मी जेवणाचा डबा घेऊन तिथल्या ढिगाशी वाकले, एवढ्यात मागून आवाज आला.

“काय बाई, घर बांधताय?”

राखणदार काठी टेकून उभा होता.

“थोडीशीच हवी होती.”

“सगळे थोडीशीच नेतात. मागच्या महिन्यात एकाने थोडी थोडी नेऊन गच्चीवर खोली काढली.”

मी त्याला बॅटरीची सगळी हकिकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, “न्या, न्या. पण पुढच्या वेळी खरं कारण सांगत जा.”

वाळू ओली निघाली. ओली वाळू काय कामाची? मी ती कढईत घालून मंद आचेवर परतायला घेतली. स्वयंपाकघराच्या दाराशी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी आईच म्हणते. आईंचा मुक्काम बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर असतो. तिथून त्यांना मुख्य दार, स्वयंपाकघर आणि माझं एकंदर चारित्र्य, तिन्ही नीट दिसतात.

“काय भाजतेस गं?”

“वाळू, आई.”

“बरं,” त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, “मीठ बघून घाल.”

बॅटरी वाळूच्या कुंडीत गेली, कुंडी बाल्कनीच्या सावलीतल्या कोपऱ्यात गेली, आणि गोष्ट खरं म्हणजे इथे संपायला हवी होती. पण बाल्कनी शेजाऱ्यांनाही दिसते. कुंडीत रोप नाही आणि मी रोज तिच्याशेजारी उकिडवी बसून थर्मामीटर बघते, हे इमारतीच्या नजरेतून सुटलं नाही.

खालच्या मजल्यावर निवृत्त साहेब राहतात. कुठल्या खात्यातून निवृत्त, ते विचारायची सोय नाही. ते म्हणाले, “फ्रीजमध्ये ठेवा. थंड पडली की शहाणी होते.” वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, “मिठाच्या पाण्यात बुडव. आम्ही सगळं मिठाच्या पाण्यातच बुडवतो.” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “टाचणी घ्या, एक भोक पाडा, हवा निघून जाईल.” मी म्हटलं, “भोक पाडलंत तर हवा नाही निघणार, ज्वाळा निघेल.” ते म्हणाले, “कमाल आहे. मग कशाला बनवतात?”

प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहावं, असा विचार मी केला. आयुष्यात माझ्या हातून ज्या ज्या चुका झाल्या त्यांच्या मुळाशी हाच विचार सापडतो. खाली जिन्याशी असलेल्या सोसायटीच्या फलकावर मी स्वच्छ अक्षरात एक सूचना लावली. जुन्या बॅटऱ्या साठवू नयेत, टोकांना चिकटपट्टी लावावी, भोक पाडू नये, उन्हात किंवा अंथरुणाजवळ ठेवू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. आणि खाली, निव्वळ सौजन्य म्हणून, ‘शंका असल्यास तिसऱ्या मजल्यावर विचारावे.’

शंका कोणालाच नव्हती. बॅटऱ्या सगळ्यांकडे होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराच्या कडीला पिशव्या लटकू लागल्या. जुने मोबाईल, खेळण्यातल्या मोटारी, दाढीची यंत्रं, लॅपटॉपच्या बॅटऱ्या, साहेबांचा दात घासायचा यांत्रिक ब्रश, तोही न धुतलेला. एकांनी बिघडलेला मिक्सर ठेवला आणि वर चिठ्ठी, ‘यातही काही असल्यास बघावे.’ जिन्यात मला पोरं ‘बॅटरीबाई’ म्हणू लागली. मी कधीच कोणाला नाही म्हणू शकत नाही. कारखान्यात रंगाला ‘नापास’ म्हणते ते बिनदिक्कत, पण रंग उलटून काही बोलत नाही.

रविवारी आम्ही तिघं चिकटपट्ट्या लावत होतो. नवरा बॅटऱ्या पुसत होता, मी टोकं झाकत होते आणि आई दिवाणावर बसून कात्रीने पट्टीचे तुकडे कापून देत होत्या. आईंचे तुकडे अगदी एकसारखे. मी मनात म्हटलं, यांना प्रयोगशाळेत न्यायला हवं. तेवढ्यात त्या सहज म्हणाल्या,

“धाकट्याच्या त्यांनासुद्धा लावायला हव्या होत्या का गं पट्ट्या?”

“कशाला, आई?”

“त्याच्या बॅटऱ्यांना. या नाहीत का,” आणि त्यांनी वाकून ज्यावर बसल्या होत्या त्या दिवाणावर टकटक केलं.

इथे माझ्या दिरांबद्दल सांगायला हवं. साध्या सायकलला मोटर बसवून द्यायचं त्यांचं दुकान होतं. कल्पना चांगली होती. आमच्या इमारतीत तर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि कोणी सायकल घेतली नाही. एके दिवशी दुकानाचं शटर खाली आलं आणि भाऊजींनी दुसऱ्या शहरात नोकरी धरली. पण दुकान ‘बंद पडलं’ असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. ते ‘सध्या थांबलंय’. नोकरी ‘तात्पुरती’ आहे, जरी तिच्यात भाऊजींना दोनदा बढती मिळाली तरी. दुकानाची पाटी आमच्या कपाटामागे आहे आणि आई ती अधूनमधून काढून पुसतात. उरलेलं सामान घरी आलं तेव्हा मी कारखान्यात होते. ‘सुटे भाग आहेत,’ असं मला सांगण्यात आलं. मी आपल्या मनाने घंट्या आणि पेडल समजले होते.

आम्ही दिवाणाची फळी उचलली. वर रजया. रजयांखाली खोकी. खोक्यांत विटेएवढ्या बॅटऱ्या, निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, शेजारी शेजारी, शाळेतल्या मुलांसारख्या. त्यांतल्या काही फुगल्या होत्या. एकीचं वेष्टण फाटलं होतं आणि तिला नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा वास येत होता.

“आई, तुम्हाला हा वास कधी आला नाही?”

“यायचा की. गोडसर. मला वाटायचं, तू रजयांना काहीतरी सुगंधी लावतेस. झोप छान लागायची.”

तीन मजले खाली, फलकावर, माझ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की अंथरुणाजवळ ठेवू नये. इथे अंथरुणाजवळचा प्रश्नच नव्हता. अंथरूणच त्यांच्यावर होतं, आणि अंथरुणावर माझी सासू.

नवऱ्याने फळी धरून ठेवत सगळ्याकडे बघितलं. “हात नको लावूया,” तो म्हणाला.

मी भाऊजींना फोन लावला.

“वहिनी, टाकू नका हं! माल आहे तो.”

“भाऊजी, यातला काही माल फुगलाय.”

“बाकीचा चांगला असेल. पुन्हा सुरू करताना लागेल.”

“कधी सुरू करताय?”

पलीकडून खालच्या आवाजात, “आई आहे का तिथे?”

“समोरच आहे.”

“मग… करायचंच आहे. म्हणजे बघू.”

“त्याला सांग,” आई मोठ्याने म्हणाल्या, “मी जपतेय म्हणावं!”

त्या दुपारी मी आईंचं अंथरूण आतल्या खोलीत घातलं. त्यांनी ते उचलून परत आणलं. मी पुन्हा नेलं. त्यांनी पुन्हा आणलं. शेवटी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, “अगं, दुकान संपलंय हे मला का कळत नाही? पण मी तिथून उठले तर त्याला वाटेल, आईनेसुद्धा आशा सोडली.” संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, या वेळी थेट माझ्या मोबाईलवर. “वहिनी, खरं सांगू? मला ही नोकरी आवडते. सायकली आता स्वप्नातसुद्धा येत नाहीत. पण आईला कसं सांगणार? ती त्या पाटीवर हात फिरवते हो.”

म्हणजे दोन्ही टोकं माझ्या हातात होती आणि दोन्हींवर चिकटपट्टी. ही इथे सांगते की दुकान संपलंय, पण त्याला कळू देऊ नकोस. तो तिथे सांगतो की दुकान संपलंय, पण तिला कळू देऊ नका. मी बोलले असते तर प्रकरण एका वाक्यात संपलं असतं. ते वाक्य मी आंघोळीच्या वेळी अतिशय परिणामकारकपणे म्हणत असे.

मधला मार्ग असा निघाला की माल दिवाणातून हलवायचा, पण घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. मी आईंना पटवलं की आमच्या नावची पार्किंगची जागा हाही घराचाच भाग आहे. भिंतीकडेची, उघडी, सावलीची, बाकी गाड्यांपासून दूर. अडचण एवढीच की आमच्याकडे गाडी नाही, आणि त्या जागेत सेक्रेटरी त्यांची दुसरी गाडी लावतात. कोणे एके काळी त्यांनी ‘दोन दिवस लावू का?’ विचारलं होतं आणि मी नाही म्हणू शकले नव्हते.

मी त्यांचं दार वाजवलं. “तुमच्या गाडीशेजारी थोड्या बॅटऱ्या ठेवते आहे. पेट घेण्याची शक्यता कमी आहे.”

“कमी म्हणजे?”

“नक्की आकडा देता येणार नाही.”

ते दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून खाली धावले. इतक्या वर्षांत न झालेलं काम माझ्या प्रामाणिकपणाने दोन मिनिटांत झालं. विटांवर वाळूचे ट्रे, ट्रेमध्ये एकमेकींपासून अंतर राखून बॅटऱ्या, वर पत्रा. आई गॅलरीतून लक्ष ठेवून होत्या. रजया दिवाणात परत गेल्या. आईंनी त्या रात्री झोप न लागल्याची तक्रार केली.

मग मी स्वच्छता कार्यालयात गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, “ओला का सुका?”

“बॅटऱ्या आहेत.”

“म्हणजे सुका.”

“नाही, धोकादायक.”

“धोकादायकचं टेबल वेगळं. ते रजेवर आहे.”

“टेबल?”

“टेबल इथेच आहे, हे काय. साहेब रजेवर आहेत.”

त्या रिकाम्या टेबलावर एक जुना मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. त्याची पाठ फुगलेली होती. मी तो प्लगमधून काढला, टोकाने उचलून फरशीवर ठेवला आणि बाहेर पडले. मागून आवाज आला, “ओ बाई, साहेबांचा आहे तो!”

शेवटी शहराबाहेरच्या रस्त्यावर एक संकलन केंद्र सापडलं. तिथल्या अधिकारी बाईंनी डोक्यावरचं शिरस्त्राण सारखं करत आमच्या इमारतीच्या बॅटऱ्या निमूटपणे घेतल्या, साहेबांच्या ब्रशसकट. चिकटपट्ट्या पाहून “छान” म्हणाल्या. कित्येक दिवसांत मला कोणी छान म्हटलं नव्हतं. मग मी निळ्या विटांचं सांगितलं.

“हा तर धंद्याचा माल. घरगुतीत नाही घेता येणार.”

“मग?”

“धंदा चालू असेल तर माल जिथून घेतला तिथे परत पाठवायचा. बंद असेल तर भंगार म्हणून आम्ही घेतो. मालकाने स्वतः समोर येऊन सांगायचं, चालू की बंद.”

“सध्या थांबलाय, असं सांगितलं तर?”

“थांबलाय असं काही नसतं, मॅडम.”

आमच्या घराण्यात एवढं स्पष्ट वाक्य यापूर्वी कोणी ऐकलेलं नव्हतं.

मी भाऊजींना कळवलं की तुम्हाला यावं लागेल. कशासाठी, ते सांगितलं. काय म्हणावं लागेल, ते सांगितलं नाही. ते सुट्टी काढून आले. टेम्पो ठरवला. वाळूच्या ट्रेसह माल मागे चढवला आणि टेम्पोवाल्याला म्हटलं, सावकाश. त्याने विचारलं, “काच आहे का?” मागच्या अनुभवावरून मी “तसंच समजा” म्हटलं. मग बघते तर आई चांगली साडी नेसून पुढच्या सीटवर बसलेल्या.

“आई, तुम्ही कशाला?”

“इतकी वर्षं मी सांभाळलाय. मी पोचवणार.”

आम्ही तिघं रिक्षाने मागोमाग. वाटेत भाऊजी एकदाच बोलले. “वहिनी, तिथे काही विचारतात का?” नवरा झटकन म्हणाला, “कशाला विचारतील?” मी बाहेर बघत राहिले. मला उत्तर सुचलं होतं, तेही भरदिवसा, तरीही.

केंद्राच्या आत पत्रे चेपायचं यंत्र धडधडत होतं. बोलणं ऐकू यायचं नाही इतका आवाज. माल उतरला. अधिकारी बाईंनी एकेक वीट हातमोज्यांनी उचलून पाहिली, फुगलेल्या वेगळ्या केल्या. आई जवळ उभ्या राहून “हळू, हळू” म्हणत होत्या, जसं पाहुण्यांच्या हातात बाळ देताना म्हणतात. मग बाईंनी मान वर केली.

“मालक कोण?”

भाऊजी एक पाऊल पुढे आले.

“धंदा चालू आहे की बंद?”

नवरा छताकडे बघू लागला. मी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याचा काटा वाचला. तो हिरव्या भागात होता. मी तो पुन्हा वाचला. आईंनी पदर खांद्यावरून नीट घेतला आणि मुलाच्या मदतीला धावल्यासारख्या म्हणाल्या, “सध्या थां—”

“आई,” मी म्हटलं. “त्यांना सांगू दे.”

माझ्या आयुष्यातलं ते बहुधा पहिलं ‘नाही’. आईंनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. मग ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मला दिसलं की दोघांच्याही चेहऱ्यावर अगदी तीच काळजी आहे, आजच्या आणि कालच्या पांढऱ्यात नसेल इतकी एकसारखी.

भाऊजींचे ओठ हलले.

“ऐकू नाही आलं,” बाई ओरडल्या. “मोठ्याने सांगा, मागे रांग लागलीये!”

भाऊजींनी छाती भरून श्वास घेतला. नेमक्या त्याच क्षणी आतल्या माणसाने यंत्र थांबवलं, आणि त्या लख्ख शांततेत, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं, माझे दीर ओरडले,

“बंद! आई, मी दुकान बंद केलं!”